लोणचे का बिघडते? परसबागेच्या आधारे एक अनुभव-पाठ

(इयत्ता ५ वी ते ७ वी, वजन-मापे व अपूर्णांकांचा भाग इयत्ता ४ थीसही घेता येईल.)

खापर हे अक्कलकुवा तालुक्यातील, सातपुड्याच्या पायथ्याशी, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर वसलेले गाव. गुजरातची सीमा येथून जवळ आहे. या भागात ज्या शाळांनी परसबाग राखली आहे, तेथे पावसाळा सरताना पेरलेला मुळा, गाजर, फुलकोबी व मिरची ही पौष-माघात एकाच वेळी काढणीस येतात. भाजी नसते तेव्हा मुळीच नसते आणि येते तेव्हा पोषण आहाराच्या कढईत मावत नाही, असा हा प्रकार आहे. नेमक्या त्याच दिवसांत वर्गातील काही जागा रिकाम्या असतात. दिवाळी होताच पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. ज्यांनी बी टोकले, आळी केली, कुंपणास काटे लावले, त्यांतील कित्येकांना त्या बागेची भाजी चाखावयास मिळत नाही. होळीस माणसे गावी परततात. काठीच्या होळीचा ओढा तर दूरदूरच्या मजुरांनाही घरी आणतो. परंतु तोवर वाफे सुकू लागलेले असतात.

जानेवारीतील भाजी होळीपर्यंत राखावयाची कशी, हा प्रश्न म्हणूनच या भागातील शिक्षकास केवळ गृहशास्त्राचा वाटू नये. राखण्याची जुनी व घरोघर ठाऊक असलेली रीत म्हणजे लोणचे. तिच्यावर आधारलेला हा पाठ आहे.

पाठाचा हेतू

लोणच्याची कृती शिकविणे हा येथे हेतू नव्हे. ती मुलांच्या आयांना व आज्यांना शिक्षकापेक्षा चांगली येते आणि त्यांनीच ती वर्गात येऊन दाखवावी, हे अधिक शोभेल. शिक्षकाने शिकवावयाचे ते वेगळे आहे. लोणचे कशाने टिकते आणि कशाने बिघडते, याचे कारण मुलांनी स्वतः मोजून, पाहून व नोंदवून शोधावे, हा या पाठाचा हेतू होय. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार मांडला. त्यातील मर्मही हेच होते, की हात चालत असताना ‘का’ हा प्रश्न मनात उभा राहिला पाहिजे. तो उभा राहिला नाही तर परसबाग ही मुलांकडून करवून घेतलेली मजुरी ठरते.

घरी हा प्रश्न विचारला असता मिळणारी उत्तरे बहुधा हाताभोवती फिरतात. ‘तिच्या हाताला गुण आहे’, ‘याच्या हाताचे टिकत नाही’, ‘बरणीला नको तो हात लागला’. पाठाचा आरंभ या हातापासूनच करावा.

विषयप्रवेश

तराजू व वजने मांडून टेबलावर दोन पसरट भांड्यांत मीठ ठेवावे. एकात खडे मीठ, दुसऱ्यात बारीक मीठ. पाच मुलांना बोलावून प्रत्येकाने प्रथम खड्यांची व मग बारीक मिठाची एक मूठ तराजूत टाकावी, असे सांगावे. एखादा थोराड मुलगा, एखादी लहानखुरी मुलगी असे हात निवडावेत. शिक्षकाने स्वतःचीही मूठ मोजावी. दहा-बारा आकडे फळ्यावर आले की मुलांनाच विचारावे, ‘आजीने सांगितले, किलोभर भाजीला दोन मुठी मीठ. कोणाच्या मुठी? कोणते मीठ?’ एवढ्या एका प्रश्नाने वर्ग जागा होतो. आजीची मूठ तिच्या स्वतःच्या बरणीपुरती अगदी अचूक असते, कारण पन्नास वर्षांच्या सवयीने तिने तेच तराजू केलेले असते. मात्र ती मूठ दुसऱ्याला देता येत नाही, वजन देता येते. मुठीची थट्टा होऊ न देता हा फरक मुलांच्या लक्षात आणून द्यावा.

विवेचन: मीठ, आंबटपणा आणि पाणी

मुळ्याच्या चकत्या २०० ग्रॅम घेऊन त्यांना १० ग्रॅम मीठ चोळून तिरक्या ताटात ठेवाव्यात. अर्ध्या तासात ताटाच्या कडेस पाणी जमते. ते मापनपात्रात ओतून मोजावे व चकत्या पुन्हा तोलाव्यात. मीठ भाजीतील पाणी बाहेर ओढते, यासच आपण ‘खार सुटणे’ म्हणतो. भाजी नासविणाऱ्या सूक्ष्म जंतूंच्या शरीरातील पाणीही मीठ असेच ओढून घेते व त्यांची वाढ खुंटते. मीठ पुरेसे असेल तरच हे घडते. मीठ कमी पडले तर जंतूंना त्रास होतो, पण ते वाढतच राहतात.

दुसरे साधन आंबटपणा. येथे शिक्षकाने थोडे अधिक थांबावे, कारण घरगुती लोणच्यातील सर्वांत मोठी चूक याच ठिकाणी होते. आपल्याकडे लोणचे म्हटले की कैरी किंवा लिंबू डोळ्यांपुढे येते. ही दोन्ही फळे मुळातच इतकी आंबट, की थोडीफार चूक ती सांभाळून घेतात. गाजर, फुलकोबी व मुळा या भाज्यांत तसा आंबटपणा नाही. आंबटपणा मोजण्याचे जे माप आहे त्यास सामू म्हणतात. सामू जितका कमी तितका पदार्थ अधिक आंबट. लिंबाच्या रसाचा सामू २ ते ३ च्या दरम्यान असतो. या भाज्यांचा ५ च्या वर, कित्येकदा ६ च्या घरात असतो. टोमॅटो मध्येच, काठावर उभा. म्हणून कैरीची रीत जशीच्या तशी गाजरास लावली आणि वर तेल ओतून बरणी बंद केली, तर ते लोणचे दिसावयास कैरीच्या लोणच्यासारखे असले तरी सुरक्षित असेलच असे नाही.

याचे कारण मातीत आहे. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा एक जंतू मातीत बीजाणूरूपाने असतो. पाणी उकळले तरी ते बीजाणू मरत नाहीत. हवा नसलेल्या व आंबटपणा नसलेल्या जागी ते रुजतात आणि अत्यंत जहाल विष तयार करतात. त्या विषाला रंग नाही आणि वासावरूनही ते ओळखता येत नाही. तेलाचा थर हवा अडवितो, त्यामुळे बुरशी दूर राहते हे खरे. पण नेमकी अशी हवाबंद जागाच या जंतूस मानवते. १९८५ साली कॅनडातील व्हँकूवर शहरी एका उपाहारगृहात तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना या विषाची बाधा झाली होती. सामू ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर हा जंतू वाढत नाही. लोणच्यात लिंबू पिळावयाचे ते चवीपुरते, ही समजूत शिक्षकाने येथे मोडून काढावी. या भाज्यांच्या लोणच्यात लिंबू हा पहारेकरी आहे.

लहान मुलांसमोर विषाचे वर्णन लांबवू नये. घाबरलेले मूल मोजमाप विसरते. ‘तेल हवा अडविते, लिंबू व मीठ जंतू अडवितात’ एवढे पाचवीस पुरे.

जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात कुस्करून त्या रसात कागदाच्या पट्ट्या भिजवून सावलीत वाळवाव्यात. आंबट पदार्थ लागताच पट्टी गडद गुलाबी होते, साबणाच्या पाण्यात हिरवट होते. आंबट आहे की नाही हे त्यावरून कळते, किती आंबट ते कळत नाही. त्यासाठी विज्ञानपेटीतील सामूदर्शक कागदच वापरावा.

कृती व तीतील गणित

भाजी १ किलो, मीठ १२५ ग्रॅम, लिंबाचा रस २५० मिलिलिटर. या तीन अंकांत कोणतीही तडजोड करू नये. बाकी सर्व रुचीचा भाग आहे. मीठ भाजीच्या आठव्या हिश्श्याइतके आणि रस पाव हिश्श्याइतका, असे मुलांकडून काढवून घ्यावे. रसाचे वजन सुमारे २५० ग्रॅम धरले तर तिन्ही मिळून १३७५ ग्रॅम होतात आणि मीठ त्यांचा बरोबर अकरावा हिस्सा येतो. आता चौथीच्या मुलांना विचारावे, ‘बागेत आज ६०० ग्रॅमच गाजरे निघाली, तर मीठ किती, रस किती?’ ७५ ग्रॅम व १५० मिलिलिटर हे उत्तर पुस्तकातील उदाहरणापेक्षा लवकर येईल, कारण चुकले तर बरणी नासेल हे मुलास दिसत असते. एवढ्या रसास साधारणतः १५ लिंबे लागतात. लिंबे लहान किंवा कोरडी असतील तर अधिक. लिंबांची संख्या मोजून न थांबता रस मापूनच घ्यावा. सातपुड्यात कैऱ्या सोलून, कापून, उन्हात वाळवून केलेले आमचूर या भागात मुबलक मिळते व चवीस उत्तम असते. ते खुशाल घालावे, मात्र रसाच्या ऐवजी घालू नये. त्याचा आंबटपणा पुडीपुडीगणिक बदलतो.

भाजी तीन पाण्यांनी धुवावी, कारण वर सांगितलेला जंतू मातीबरोबर येतो. चिरल्यावर गाजर व फुलकोबीचे तुरे उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटे बुडवून काढावेत व स्वच्छ पंचावर सावलीत पसरून वरचे पाणी पूर्ण सुकू द्यावे. मिरचीस नुसते पुसून चीर द्यावी. वालाच्या शेंगा बागेत असल्या तरी या लोणच्यात घेऊ नयेत. त्या शिजवूनच खाण्याच्या.

मसाल्यासाठी मोहरीची डाळ ५० ग्रॅम, तिखट ३० ग्रॅम, हळद १० ग्रॅम, मेथीपूड व हिंग प्रत्येकी ५ ग्रॅम आणि तेल २०० मिलिलिटर घ्यावे. मोहरी फेसणे ही क्रिया मात्र घाईने उरकू नये. ती एक सुंदर प्रयोग आहे. मोहरीची डाळ दोन वाट्यांत घ्यावी. एकीत थंड पाणी व दुसरीत उकळते पाणी घालून दोन्ही घोटाव्यात आणि पाच मिनिटांनी मुलांना वास घेऊ द्यावा. थंड पाण्याची वाटी नाकात झणझणते, दुसरी जवळजवळ मुकी असते. मोहरीतील झणका आयता नसतो. दाणा फुटून पाणी लागले की त्यातील एक विकर तो तयार करते आणि उकळत्या पाण्याने ते विकर निकामी होते. हाच झणका जंतूंनाही सोसत नाही. फोडणी पूर्ण थंड झाल्यावरच लोणच्यावर ओतावी असे जुन्या बायका का सांगतात, याचे एक कारण मुलांना येथे सापडते. बरणीसाठी मोहरी फेसताना उकळून थंड केलेले दोन-तीन चमचे पाणीच वापरावे.

भांडे काचेचे वा चिनी मातीचे असावे. गावाचे नाव खापर असले तरी लोणच्यास खापराचे मडके कामाचे नाही. कच्च्या मडक्याच्या छिद्रांतून खार पाझरतो व वास आत मुरतो. पितळ, तांबे व ॲल्युमिनियमही आंबटास वर्ज्य. बरणी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात खडखडीत वाळवावी. हिंगाची धुरी देण्याची पद्धत घरी असेल तर आजीस ती दाखवू द्यावी. मीठ, रस, मसाला व भाजी एकत्र करून बरणी भरावी, वर थंड फोडणी ओतावी, दादरा बांधावा. पहिले आठ दिवस रोज कोरड्या चमच्याने तळापासून ढवळावे. आठव्या दिवशी सामूदर्शक कागद लावून पाहावा. ४ च्या आसपास किंवा त्याहून कमी आला तरच बरणी खाण्यास योग्य समजावी. अधिक आल्यास लिंबू वाढवून डाव सावरण्याचा मोह टाळावा व ती बरणी केवळ निरीक्षणासाठी ठेवावी.

बिघडविण्याचा प्रयोग

लोणचे टिकविण्याइतकेच ते बिघडू देणे शैक्षणिक दृष्ट्या मोलाचे आहे. मुख्य बरणीखेरीज तीन लहान काचेच्या बरण्या घ्याव्यात. तिन्हींत २०० ग्रॅम गाजर असावे. पहिलीत मीठ २५ ग्रॅम व रस ५० मिलिलिटर, म्हणजे योग्य प्रमाण. दुसरीत मीठ अवघे ५ ग्रॅम व रस मुळीच नाही. तिसरीत प्रमाण योग्य, पण रोज ओला चमचा घालावयाचा. प्रत्येकीवर चिठ्ठी लावून ‘खाऊ नये’ असे ठळक लिहावे. रंग, फेस, बुरा व खाराचा गढूळपणा यांची नोंद रोज एका मुलाने वहीत करावी. वास झाकणापासून हातभर दुरून घ्यावा. चव कोणीही, शिक्षकानेही, घेऊ नये. दुसरी बरणी किती दिवसांत बिघडेल हे हवेवर अवलंबून आहे. जानेवारीच्या थंडीत उशीर लागतो, मार्चमध्ये लागत नाही. तिसरी बरणी कदाचित बिघडणारच नाही, कारण तिच्यातील मीठ व आंबटपणा भक्कम आहे. तसे झाले तर तसेच लिहावे. ठरलेला निकाल यावा म्हणून शिक्षकाने गुपचूप पाणी वाढविणे हे या पाठाचा घात करणे होय. प्रयोग संपल्यावर तिन्ही बरण्यांतील माल खोल खड्ड्यात पुरावा.

एका समजुतीविषयी

मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रीने लोणच्याच्या बरणीस हात लावला तर लोणचे नासते, ही समजूत पुष्कळ घरांत आहे. सहावी-सातवीच्या मुलींना ती लवकरच ऐकावी लागते आणि तिच्याबरोबर स्वयंपाकघराचा उंबराही बंद होतो. शिक्षकाने हा विषय टाळू नये, तसेच त्यावर व्याख्यानही देऊ नये. ढवळण्याचे काम हजेरीपटाच्या क्रमाने मुलांना व मुलींना सारखे वाटून द्यावे, प्रत्येकाने साबणाने हात धुऊन कोरडे करावेत, आणि तारीख, वजन, सामू एवढेच वहीत लिहावे. कोणत्या मुलीचे कोणते दिवस आहेत याची चौकशी वर्गात कधीही होता कामा नये. पटावरील सर्व हात बरणीस लागून गेल्यावर ती बरणी वर्गासमोर ठेवावी आणि तिच्या शेजारी एकच हात लागलेली, पण मीठ कमी असलेली दुसरी बरणी ठेवावी. कोणती बिघडली व का, हे मुलेच सांगतील. शाळेत शिक्षिका असल्यास मुलींशी पुढील बोलणे त्यांनी करावे. नसल्यास गावातील आशा कार्यकर्तीस बोलवावे.

घरून कोणी तक्रार घेऊन आले तर वाद न घालता वही दाखवावी. वर्गात आलेल्या आजीचा मान कोठेही उणा होऊ देऊ नये. तिच्या कोरड्या चमच्याचा, धुरीचा व थंड फोडणीचा नियम प्रयोगाने खराच ठरला आहे, हे त्याच वेळी आवर्जून सांगावे.

खाण्याविषयी

लोणचे ही भाजी नव्हे. पोषण आहारात भाजीच्या जागी लोणचे वाढून परसबागेचा उपयोग दाखविणे हे सर्वस्वी चुकीचे आहे. वरील प्रमाणाच्या १० ग्रॅम लोणच्यात सुमारे पाऊण ग्रॅम मीठ जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात एकूण ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, लहान मुलाने त्याहूनही कमी. म्हणून भाकरीच्या कडेस एक लहान फोड एवढेच प्रमाण ठेवावे. ज्या भाज्या ताज्या खाता येतील त्या ताज्याच कढईत जाव्यात. लोणच्यास येते ते खाऊन उरलेले. आहाराबरोबर लोणचे देण्यापूर्वी मुख्याध्यापकांची संमती घ्यावी व इतर पदार्थांप्रमाणे तेही शिक्षकाने आधी चाखावे.

मोठ्या मुलांसाठी जोड-प्रयोग

सातवीच्या वर्गास खाऱ्या पाण्यात आंबविण्याची रीत दाखविता येईल. उकळून थंड केलेल्या १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात गाजराचे लांबट तुकडे पूर्ण बुडतील असे ठेवावेत. वर स्वच्छ वाटीचे वजन द्यावे. येथे लिंबू नाही. आंबटपणा भाजीवरीलच काही उपकारक जंतू तयार करतात. दूध आंबण्यामागे सजीव जंतू असतात हे लुई पाश्चर यांनी १८५७ साली मांडले. ताकाचा आंबटपणा ज्या आम्लाचा, तेच आम्ल येथेही तयार होते. दोन-तीन दिवसांत बुडबुडे दिसतात. सामू रोज मोजून आलेख काढावा. जर्मनीत कोबी व कोरियात किमची याच रीतीने करतात. १७६८ ते १७७१ च्या सागरप्रवासात कॅप्टन कुक याने आपल्या खलाशांसाठी आंबविलेली कोबी पिंपे भरून नेली होती. हा प्रयोग जानेवारीतच करावा. ऊन तापल्यावर भाजी आंबण्याऐवजी लिबलिबीत होते.

होळीनंतर

ऊसतोडीहून परतलेली मुले वर्गात येतील त्या दिवशी नोंदवही त्यांच्या हाती द्यावी आणि तीतील आकडे त्यांना मोठ्याने वाचू द्यावेत. बाग त्यांचीही आहे. मुख्य बरणीचा दादरा त्यांच्याकडून सोडवावा, सामू पुन्हा एकदा त्यांनीच मोजावा आणि तो ठीक असल्यास भाकरीबरोबर पहिली फोड त्यांना वाढावी. त्यानंतर ४०० ग्रॅम व ७५० ग्रॅम भाजीची दोन उदाहरणे फळ्यावर घालावीत. जानेवारीत वर्गात असलेल्या मुलांनी ती परतलेल्या सोबत्यांना शेजारी बसवून समजावून द्यावीत.